तबकडीवर न आलेली ओवी

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात माझा बाप गायला लागला, आणि तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरेना. आबांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. माझी सून प्राजक्ता कांदे चिरत होती आणि फोनवरचं गाणं तिनं ओट्यावरच्या छोट्या स्पीकरला जोडलं होतं. "आई, ओळखा बरं," एवढंच म्हणाली. आधी ढोलावर हलकी थाप पडली, मग कुणीतरी खोल श्वास घेतला, आणि त्या श्वासावरूनच मी ओळखलं. ओवी उचलण्याआधी आबा असा श्वास घ्यायचे, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा. आमच्याकडच्या जुन्या तबकडीवर तो कधी ऐकू आला नव्हता. तिथं नुसती खरखर, तापल्या तेलात पाणी पडल्यासारखी. प्राजक्तानं सांगितलं की 'घोंगडीवरच्या ओव्या' ही तीच तबकडी कंपनीनं पुन्हा काढलीय, रिमास्टर्ड. म्हणजे मूळची टेप कुठल्यातरी कपाटातून शोधून, धुऊन पुसून नव्यानं केलेली. बाहेरच्या खोलीत खाटेवर माझी माय होती. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अंधुक, पण कान अजून मेंढरांमागं हिंडणाऱ्या बाईचे. ती भिंतीचा आधार घेऊन उठून बसली. आबांच्या मागोमाग तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्याचा आवाज आला, तेव्हा म्हणाली, "नामा घाई करतोय." दोघं अंगणात बसलेत अशा सुरात म्हणाली. पोहे झाले, खाऊन झाले, ओव्या चालूच होत्या. शेवटी प्राजक्ता म्हणाली की या नव्या आवृत्तीत एक ओवी जास्तीची आहे, आधी कधीच न आलेली. स्पीकरमधून तात्या एकटेच गायला लागले. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत मी ओल्या हातानं तो स्पीकर बंद केला. बाहेरून मायनं विचारलं, का बंद केलंस. चार्जिंग संपलं, असं मी सांगितलं.

आमचं गाव वैजापूरच्या पलीकडं, माळावरचं. आम्ही धनगर. घर मातीचं, धाब्याचं, पण त्या घराला वर्षातले काही महिनेच माणसं असायची. दिवाळी झाली की मेंढरं चाऱ्याच्या शोधात खाली गोदावरीच्या अंगानं निघायची, आणि त्यांच्यामागं आबा, तात्या, माय, दोन घोडी आणि कुत्री. मी शाळेसाठी म्हातारीपाशी, आबांच्या आईपाशी राहायची. त्यामुळं माझं लहानपण म्हणजे अर्धं वर्ष गजबज आणि अर्धं वर्ष वाट बघणं. माणसं परत आली की घर एकदम आवाजांनी भरून जायचं. मेंढरांचं खाकरणं, कोकरांचं ओरडणं, कातरणीच्या दिवसांत कात्र्यांची करकर, मायच्या हातातली लोकर सुतायची टकळी. घराला लोकरीचा आणि ताकाचा असा एक आंबूस वास असायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली नाक मुरडायच्या, आणि मला मात्र त्या वासाशिवाय झोप यायची नाही. माय हुलग्याचं माडगं करायची, दाट, वरून लसणाची फोडणी. बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी. शेळीच्या दुधाचा चहा. आबांना बसून जेवणं ठाऊक नव्हतं. भाकरी हातावर घेऊन ते वाडग्याकडं, मेंढरं कोंडायच्या जागेकडं, चक्कर मारायचे, एक घास, चार पावलं, पुन्हा एक घास. "बसा की वाईच," म्हातारी म्हणायची. मेंढरामागच्या माणसाला बसणं कसं जमावं? मलाही ते जमत नाही, हे आता या वयात सून मला रोज ऐकवते.

ते बसायचे फक्त ओवीला. घोंगडी अंथरायची, मध्ये भंडारा ठेवायचा, आबा आणि तात्या समोरासमोर गुडघे टेकून बसायचे. आबा ओवी सांगायचे आणि तात्या झील धरायचे, म्हणजे आबांच्या ओळीचं शेपूट पकडून ती ओढत पुढं न्यायचे. आबांचा आवाज रुंद आणि संथ. तात्यांचा टोकदार, थोडा नाकातला, आणि सदा घाईत. एकानं श्वास सोडायचा आणि दुसऱ्यानं त्याच जागेवर तो घ्यायचा. दोघा भावांमध्ये बोलणं फार नव्हतं, सगळं बोलणं त्या घोंगडीवर व्हायचं. देवाच्या ओव्या, डोंगराच्या, चोरांनी पळवलेल्या कळपाच्या, पुरात वाहून गेलेल्या मेंढक्याच्या. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची.

मला एक भाऊ होता. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून तीनदा उठून बाहेर जावं लागलं. त्याचं नाव म्हाळू. माझ्यापेक्षा लहान. मी पहिलीत असताना तो माय-आबांबरोबर मेंढरांसंगं गेला आणि परत आला नाही. घोडी आली, कुत्री आली, माय घोड्याच्या मागं चालत आली आणि दारात न थांबता सरळ आत जाऊन जात्याला टेकून बसली. म्हातारीनं मला जवळ ओढलं. कुणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याचा चेहरा मला आठवत नाही. फोटो कधी काढलाच नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव कुणी उच्चारलं नाही. त्या नावाच्या देवाची ओवी आली तरी आबा ते नाव टाळून पुढं जायचे, आणि तात्या ते समजून झील धरायचे.

मी सहावी-सातवीत असेन, तेव्हा मुंबईची एक तबकड्यांची कंपनी धनगरी ओव्या घ्यायला आली. शहरात, औरंगाबादेत, एका शाळेचा हॉल त्यांनी घेतला होता. शहराचं नाव आता बदललं, पण त्या दिवसाच्या आठवणीत ते औरंगाबादच आहे, त्याला माझा इलाज नाही. आबा, तात्या, ढोलवाले दोघं आणि मी. मला का नेलं, तर मला वाचता येत होतं, एस.टी.वरचे बोर्ड वाचायला. माय मेंढरांपाशी राहिली. निघायच्या आदल्या दिवशी ती आणि आबा वाडग्याच्या मागं बराच वेळ बोलत उभी होती, आणि निघताना ती दारात आली नाही, एवढं मला आठवतं. हॉलच्या खिडक्यांना आतून रजया बांधल्या होत्या. उन्हाळा, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो. आबांचा घाम घोंगडीवर टपटप पडत होता. कंपनीचा माणूस चष्मेवाला, मऊ बोलणारा. त्याचा मदतनीस शहरातलाच, सुरू करायची बोटानं खूण करायचा आणि म्हणायचा, "हां चाचा, अब छोडो." सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी गायलं. मग चष्मेवाल्यानं विचारलं, टेप थोडी शिल्लक आहे, अजून एखादी आहे का. आबा नाही म्हणायच्या आत तात्या म्हणाले, "एक हाय माझी."

ती ओवी आम्ही कुणीच ऐकली नव्हती, असं मला तेव्हा वाटलं. तात्यांनी ढोलवाल्यांना हातानं थांबवलं. एकट्यानं उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात घाई नव्हती.

खांद्यावरचं वझं माझ्या
हलकं हलकं व्हत गेलं,
चालता चालता म्हाळू माझा
वाट सोडून कुठं गेला.

पुढं सगळं होतं. मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं. नदीकाठचा तळ. पोराच्या अंगात भाजणारा ताप. माय कोकरांपाशी आणि आबा कळपाबरोबर लांब पुढं, म्हणून तात्या पोराला खांद्यावर घेऊन पायी निघाले, डॉक्टर असलेल्या गावाकडं. वाटेत पोरगं पाणी मागत होतं, मग गाणं मागत होतं, मग काहीच मागत नव्हतं. तात्या माघारी फिरले. आणि माय लांबून बघते, दीर येतोय, पोरगं खांद्यावर मान टाकून झोपलंय, म्हणून ती हातानं कुत्र्यांना गप्प करते, पोर उठू नये म्हणून. दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली त्याला ठेवला. सकाळी मेंढरं पुढं हलली, कारण तिथला चारा संपला होता.

ओवी संपली तरी मदतनीसानं मशीन बंद केलं नाही, बोट वर तसंच धरून उभा राहिला. चष्मेवाला काच पुसत होता. मी आबांकडं बघितलं. ते उठले, चष्मेवाल्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. दारातून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आबा बोलत होते, चष्मेवाला मान हलवत होता, आधी नकारार्थी आणि मग होकारार्थी. तात्याही ते बघत होते. परतीच्या एस.टी.त दोघं दोन वेगळ्या बाकांवर बसले.

तबकडी यायला बरेच महिने लागले. वैजापूरच्या लाउडस्पीकरवाल्याकडं ती आली तेव्हा त्यानं निरोप धाडला आणि आमची अर्धी आळी बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर उभी. कव्हरवर मेंढराचं चित्र होतं आणि खाली दोघा भावांची नावं. एक बाजू वाजली. त्यानं ती उलटली. दुसरी बाजू वाजली. सुई आत सरकत सरकत मधल्या कागदाला लागली आणि खर्र करत राहिली. तात्या तिथंच सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात म्हणाले, "दादा, माझी तूच काढाया लावली ना?"

आबा म्हणाले, "व्हय."

"का?"

आबा दुकानाच्या पायरीपर्यंत चालत गेले आणि परत आले. तात्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग ते बाजारातून एकटेच निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी आपली मेंढरं खुणा बघून वेगळी केली आणि फर्दापूरकडं, बायकोच्या माहेरच्या गावाला कायमचे निघून गेले. माय दारात उभी राहून बघत होती. तिच्या ओठांची हालचाल झाल्याचं मला दिसलं, पण आबांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि ती आत गेली.

त्यानंतर दोघं भाऊ एका घोंगडीवर कधी बसले नाहीत. आबांनी ओवी सोडली. आणि गंमत बघा, तबकडी मात्र सगळीकडं वाजत होती. लग्नात, जत्रेत, बाजाराच्या हॉटेलात. मांडवातल्या कर्ण्यातून आबा ओवी सांगत आणि तात्या तिचं शेपूट धरत, आणि आबा त्या मांडवाच्या बाहेर उन्हात येरझाऱ्या घालत. मी शिकले, शहरात टेलिफोन खात्यात लागले. कानाला यंत्र लावून मी अनेक वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि फर्दापूरला एकही फोन केला नाही. मी आबांची मुलगी होते. बाप चुकला असेल असं मला वाटायचं, पण तसं कबूल करणं म्हणजे तात्यांच्या बाजूला जाणं, आणि ते मला जमेना. आबा गेले तेव्हा तात्या आले, लांब उभे राहिले, मातीला हात लावून परत गेले. पुढं तेही गेले.

तर आता ती ओवी आली होती. आणि ती कुणीही, कुठंही, भाजी निवडताना ऐकू शकत होतं. मी हर्सूलच्या तलावावर सकाळी फिरायला जाते, ती दुपारीही जायला लागले. घासलेली भांडी पुन्हा घासली. स्पीकर ओट्यावरून उचलून कपाटात ठेवला, मग प्राजक्ताला शंका येईल म्हणून परत ओट्यावर. शेवटी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली की कंपनीला विचारून बघू. तिनंच नंबर शोधला. पलीकडून एक मुलगी बोलली, आदबीनं. वारस म्हणून तुम्ही लिहून दिलंत तर आम्ही ती ओवी काढून घेऊ, म्हणाली, पण फार छान आहे हो ती, सगळ्यांत जास्त तीच ऐकतायत लोक. हे ऐकून मला बरं वाटावं की वाईट, ते कळेना. तुम्हीच ठरवा, म्हणाली. आमच्या आबांनी एकट्यानं ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा फर्दापूरला फोन लावला. तात्यांचा मुलगा भानुदास तिथं लेण्यांच्या रस्त्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवतो. त्यानं ओवी ऐकली होती. हॉटेलात रोज लावतो, म्हणाला. मी काढून टाकण्याचं बोलले.

"ताई, एकदा काढली व्हती," तो म्हणाला. "त्यात आमचे बाबा अर्धे गेले. आता दुसऱ्यांदा काढायची का, ते तुम्ही बघा. पण काकूला इचारा. पोरगं तिचं व्हतं."

काकू म्हणजे माझी माय. तिला विचारायचं म्हणजे तिला ऐकवायचं. ज्या बाईनं साठाहून जास्त वर्षं ते नाव तोंडातून काढलं नाही, तिला नव्वदीत खाटेवर बसवून तो दिवस पुन्हा दाखवायचा. त्या दिवसांत मी तिच्या खोलीत जायचे, पांघरूण नीट करायचे, पाण्याचा तांब्या हलवायचे आणि तशीच बाहेर यायचे. एकदा तिनंच माझा हात धरला. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघीच होतो.

"बाई, तू सारखी आत-भाईर करतीस," ती म्हणाली. "त्या दिशी बंद केलीस, ती म्हाळूची ना?"

मी खाली बसले. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. इतक्या सहज, शेजारच्या पोराचं घ्यावं तसं.

"तुला कसं कळलं?"

"नामाचा एकट्याचा आवाज. ढोल नाय. अजून कुठली आसंल?"

तिनं ती ऐकली होती. हॉलमध्ये जायच्या आदल्या दिवशी तात्यांनी ती तिलाच पहिल्यांदा म्हणून दाखवली होती, वाडग्यापाशी, वहिनी मी ही तिथं म्हणणार आहे असं सांगून. पुढचं ती थांबत थांबत बोलली. तिला वाटलं, ही तबकडीवर गेली तर दर लग्नात वाजणार. नवरीला हळद लागणार, पोरं नाचणार, आणि कर्ण्यातून तिचं पोरगं पाणी मागणार. तात्यांना ती नाही म्हणू शकली नाही. म्हणून तिनं आबांना सांगितलं. ही वाजली तर मी विहीर जवळ करीन, असं सांगितलं.

"मीच काढाया लावली," माय म्हणाली. "तुझ्या आबानं नाय."

मी विचारलं, मग आबांनी तात्यांना तसं का नाही सांगितलं. एका शब्दानं घर राहिलं असतं.

"मी म्हणले व्हते, सांगते म्हणून. नामा मेंढरं घिऊन निघाला तव्हा दारातून हाक मारणार व्हते. ह्यांनी मला शपथ घातली." ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "म्हणले, नामाच्या खांद्यावर पोर गेलं. त्याला वाटतं त्याचाच गुन्हा हाय. आता वहिनीला माझं गाणं सोसंना, हे कळलं तर त्यो समजंल की वहिनी मलाच दोष देती. त्यो जगायचा नाय. त्यापरीस माझ्यावर रागावू दे. रागावलेलं माणूस जगतं."

"आणि तू देत होतीस का दोष?"

"नाय गं," माय म्हणाली. "एक घडी सुदिक नाय."

मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. बापाचं व्हरांड्यातलं ते बोलणं इतकी वर्षं मी मनात हजार तऱ्हांनी भरून बघितलं होतं. मत्सर म्हणून, लाज म्हणून, धनगराचा ताठा म्हणून. हे एकदाही सुचलं नव्हतं. मी मायला विचारलं, कंपनी ओवी काढायला तयार आहे, काढू का. ती म्हणाली, आधी लाव. मी स्पीकर तिच्या उशाशी ठेवला आणि लावली. सगळी, शेवटपर्यंत. मूळच्या टेपवरून केलेली म्हणून त्यात तात्यांच्या घशातला कोरडेपणाही ऐकू येत होता. माय कुत्र्यांना गप्प करते त्या ठिकाणी तिचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. रडली नाही. संपल्यावर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. काढू नगं. तव्हा त्याला ओळखणारे लई व्हते, म्हणून मला सोसत नव्हतं. आता तू अन् मीच उरलो. ऐकू दे लोकाला."

मग तिनं भानुदासला फोन लावायला सांगितला, आणि आबांची शपथ मोडून त्याला सगळं स्वतः सांगितलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. माय नुसती "व्हय रं लेका, व्हय" म्हणत होती, बराच वेळ.

फोन ठेवल्यावर मला वाटलं ती आता थकून पडेल. पण ती बोलतच राहिली. म्हाळूला माडगं आवडायचं नाही. तो घोड्याला घाबरायचा आणि मेंढ्याला नाही. मी शाळेतून येताना त्याच्यासाठी बोरं आणायची, आणि तो ती सगळी एकदम तोंडात भरायचा. मी हे सगळं विसरले होते, की मला कधी ठाऊकच नव्हतं, कुणास ठाऊक. मी विचारत गेले, ती सांगत गेली. प्राजक्ता कामावरून आली, दिवा लावला, आमच्याकडं बघून आत गेली. माय सांगत होती की घास तो डाव्या हातानं घ्यायचा, म्हातारी चापट मारून हात बदलायची, आणि तिची पाठ फिरली की हा पुन्हा डावा. खडासुद्धा डाव्याच हातानं फेकायचा. माझा भाऊ डावखुरा होता, हे मला सत्तरीला आल्यावर कळलं.